घरच्या नेटवर्कला पत्ता हवा

पुणे जिल्ह्यातल्या शिरूर आणि दौंड या दोन्ही गावांत फायबरचे कनेक्शन आता अप्रूपाचे राहिलेले नाही. केबलवाला डबा बसवून जातो, वायफायचा पासवर्ड सांगतो, आणि घरातले चार-पाच फोन, टीव्ही, गोठ्यावरचा कॅमेरा असे सगळे त्यावर चालू लागते. बहुतेक ग्राहक एकच प्रश्न विचारतात: स्पीड किती? पण ज्याला नेटवर्क नुसते वापरायचे नसून समजून घ्यायचे आहे, जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकून स्वतःचा सर्व्हर चालवायचा आहे, शेतातल्या मोटरचा स्टार्टर कोणा कंपनीच्या ॲपवाचून हलवून पाहायचा आहे, त्याच्यापुढे लवकरच दुसरा प्रश्न उभा राहतो. आपल्या घराला इंटरनेटवर पत्ता आहे का, आणि नसेल तर तो कुठून मिळवायचा? ही पुस्तिका अशा वाचकासाठी आहे. राउटर कसा बसवावा, घरातल्या नेटवर्कचे भाग कसे पाडावेत, फायरवॉलचे नियम कसे लिहावेत हे पुढच्या प्रकरणांत येईलच. त्याआधी या प्रस्तावनेत एक भूमिका मांडायची आहे. प्रयोग करणाऱ्या घराला बाहेरून गाठता येणारा खरा पत्ता मिळाला पाहिजे. त्यासाठी जुन्या पद्धतीचे, टंचाईतले पत्ते विकत घेण्याच्या मागे लागू नये. नव्या पद्धतीचे पत्ते भरपूर आहेत. ते आपल्या सेवादाराकडून मागून घ्यावेत आणि टिकाऊ स्वरूपात मागून घ्यावेत.

टंचाई कशी आली ते आधी पाहू. आपण ज्याला नुसते ‘आयपी’ म्हणतो तो बहुतेक वेळा आयपीव्ही-४ असतो. १९८१ च्या सप्टेंबरमध्ये पक्क्या झालेल्या त्याच्या आराखड्यात पत्ता ३२ बिटांचा धरला होता, म्हणजे सगळ्या जगाला मिळून ४२९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९६ पत्ते. तेव्हा इंटरनेट हे काही विद्यापीठांचे आणि संशोधन संस्थांचे जाळे होते, त्यामुळे हा साठा अमाप वाटला आणि वाटपही सढळ हाताने झाले. अमेरिकेतल्या एमआयटीला, आयबीएमला, फोर्डला प्रत्येकी १,६७,७७,२१६ पत्त्यांचा एकेक गट मिळाला. त्या काळात एखाद्या हौशी माणसानेही अर्ज भरला तर २५६ पत्त्यांचा लहान गट फारशी चौकशी न होता त्याच्या नावावर चढत असे. १९९३ मध्ये वाटपाची जुनी ठोकळेबाज वर्गवारी मोडून लहान-मोठे गट गरजेनुसार देण्याची पद्धत आली, तरी भांडे गळतच राहिले. जागतिक साठ्यातले शेवटचे पाच मोठे गट ३ फेब्रुवारी २०११ रोजी वाटले गेले, आणि आशिया-प्रशांत विभागाची नोंदणी संस्था एपनिक १५ एप्रिल २०११ रोजी आपल्या शेवटच्या गटावर आली. दौंड-शिरूरच्या घराघरांत फायबर पोहोचले ते त्यानंतरच्या काळात. पंगत उठल्यावर आलेल्या पाहुण्याला जे मिळते तेच या घरांच्या वाट्याला आले.

आज भारतात पत्त्यांची नोंदणी आयआरआयएनएन ही व्यवस्था पाहते. ती ‘निक्सी’ या २००३ साली स्थापन झालेल्या ना-नफा कंपनीचा भाग आहे आणि २०१२ पासून एपनिकच्या छत्राखाली देशापुरते वाटप करते. तिची सगळी रचना संस्थांसाठी आहे: सभासदत्व, वार्षिक शुल्क, गरजेचा पुरावा, तांत्रिक जबाबदार व्यक्ती. नव्या सभासदाला मिळू शकणाऱ्या आयपीव्ही-४ पत्त्यांची कमाल मर्यादाही २०१९ पासून ५१२ वर आली आहे. घरी दोन सर्व्हर चालवणाऱ्याने या दारात उभे राहण्यात अर्थ नाही. दुसरा मार्ग बाजाराचा. एका पत्त्याचा भाव २०२१ च्या अखेरीस पन्नास डॉलरच्या आसपास गेला होता. पुढे तो उतरला. पण इंटरनेटवर स्वतंत्रपणे जाहीर करता येईल असा सर्वांत लहान गट २५६ पत्त्यांचा मानला जातो, त्यामुळे भाव उतरूनही खर्च लाखांच्या घरात राहतो. मोठ्या कंपन्यांनाही ही टंचाई जाणवते. ॲमेझॉनच्या क्लाउड सेवेने १ फेब्रुवारी २०२४ पासून प्रत्येक सार्वजनिक आयपीव्ही-४ पत्त्याला ताशी अर्धा सेंट आकारायला सुरुवात केली. ज्या वस्तूचे भाडे तासावर मोजले जाते, ती वस्तू शिकण्यासाठी विकत घेऊन ठेवणे हा हौसेचा महागडा प्रकार होईल.

मग घरे चालतात कशी? खासगी पत्त्यांवर. १९९६ च्या फेब्रुवारीत निघालेल्या आरएफसी १९१८ या नियमपत्राने पत्त्यांचे तीन पट्टे कोणीही आपल्या भिंतीआड वापरावेत म्हणून राखून ठेवले. १० ने, १७२.१६ ते १७२.३१ ने आणि १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते हे ते पट्टे. हे पत्ते बाहेरच्या इंटरनेटवर चालत नाहीत, म्हणून राउटर घरातल्या सगळ्यांच्या वतीने स्वतःचा एक सार्वजनिक पत्ता पुढे करतो आणि आलेले उत्तर ज्याचे त्याला वाटून देतो. ही झाली पहिली अदलाबदल. लहान सेवादारांकडे आता तो एक सार्वजनिक पत्ताही प्रत्येक घराला द्यायला उरलेला नाही. त्यामुळे ते स्वतःच्या केंद्रात हीच अदलाबदल पुन्हा करतात आणि शेकडो घरे एका पत्त्यामागे उभी करतात. या दुसऱ्या अदलाबदलीला सीजीनॅट म्हणतात, आणि तिच्यासाठी २०१२ च्या एप्रिलमध्ये १००.६४ ते १००.१२७ हा पट्टा राखून ठेवला गेला. आपले घर त्यात आहे का हे पाहायला कोणाला विचारावे लागत नाही. राउटरच्या पानावर ‘वॅन’ किंवा ‘इंटरनेट स्टेटस’ या मथळ्याखाली जो पत्ता दिसतो तो पाहावा. मग ‘माझा आयपी कोणता’ हे सांगणाऱ्या एखाद्या संकेतस्थळावर दिसणारा पत्ता पाहावा. दोन्ही एकच असतील तर घराला स्वतःचा पत्ता आहे. पहिला १००.६४ ते १००.१२७ च्या दरम्यानचा किंवा १० ने सुरू होणारा असेल आणि दुसरा वेगळाच असेल, तर घर सीजीनॅटमागे आहे. मग राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंगचे कितीही नियम लिहिले तरी बाहेरून आलेली हाक घरापर्यंत पोहोचत नाही, कारण ती सेवादाराच्या यंत्रापाशीच थांबते आणि ते यंत्र आपल्या हातात नाही.

याचा परिणाम एका साध्या प्रयोगात स्पष्ट दिसतो. शिरूरमधले एक घर आणि दौंडमधले एक घर थेट जोडायचे आहे असे धरू. दोन्हीकडे राउटर कारखान्यातून आला तसाच बसवलेला, म्हणून दोन्ही घरांत पत्ते १९२.१६८.१ नेच सुरू होतात. शिरूरच्या संगणकाने दौंडच्या १९२.१६८.१.२० या यंत्राला हाक मारली तर ती आपल्याच घरात फिरते. पलीकडे असेच दुसरे घर आहे हे त्याला कळण्याचा मार्गच नाही. एका घराचे पत्ते बदलून ही अडचण मिटवली, तर पुढची येते. वायरगार्डसारख्या साधनाने दोन घरांमध्ये खासगी बोगदा टाकायला निदान एका टोकाला बाहेरून गाठता येणारा पत्ता लागतो. दोन्ही घरे सीजीनॅटमागे असतील तर पहिली हाक कोणी कोणाला मारायची हा पेच सुटत नाही, आणि मुंबईतल्या एखाद्या भाड्याच्या सर्व्हरला मध्यस्थ करावे लागते. तालुक्याला तालुका लागून, मध्ये भीमा. न्हावऱ्याहून चौफुल्याकडे जाणारा रस्ता पूल ओलांडून सरळ पलीकडे जातो. नेटवर्कमध्ये मात्र ही दोन गावे एकमेकांशी तिसऱ्याच्या परवानगीने बोलतात.

यावर पहिला आक्षेप शिक्षणातून येतो. नेटवर्क शिकायला खऱ्या पत्त्याची गरजच काय? पदविका-पदवीच्या प्रयोगशाळांत पॅकेट ट्रेसरसारख्या सॉफ्टवेअरवर वीस राउटरचे जाळे पडद्यावर उभे राहते, खासगी पट्ट्यात तर १,६७,७७,२१६ पत्ते एकट्या १० च्या गटात आहेत. शिकणाऱ्याने तिथे मनसोक्त खेळावे. यातला अर्धा भाग मान्य केला पाहिजे. नेटवर्कचे भाग पाडणे, राउटिंगचे नियम, व्हीलॅन, घरातला डीएनएस हे सगळे खासगी पत्त्यांवर उत्तम शिकता येते, आणि या पुस्तिकेची निम्मी प्रकरणे त्यावरच आहेत. राउटरांची आपसातली बीजीपी ही भाषा शिकायलाही पैसे लागत नाहीत. डीएन-४२ नावाचे जगभरच्या हौशी मंडळींचे एक जाळे १७२.२० पासूनच्या खासगी पट्ट्यावर आणि खासगी नेटवर्क-क्रमांकांवर चालते, आणि त्यात भाग घेणारे एकमेकांशी बोगदे टाकून छोटे इंटरनेटच चालवतात. पण या सगळ्या ठिकाणी एक गोष्ट नसते: अनोळखी जग. खरा पत्ता मिळालेल्या सर्व्हरच्या नोंदवहीत पहिल्याच दिवशी परक्या यंत्रांच्या हाका दिसू लागतात. कोणी पासवर्ड चाचपून पाहतो, कोणी जुन्या त्रुटी शोधतो. स्वतःचा मेल सर्व्हर उभा केला की उलट्या डीएनएसची नोंद का लागते आणि ती पत्ता देणाऱ्याच्याच हातात का असते, हे कळते. प्रमाणपत्राचे नूतनीकरण चुकले की काय होते, फायरवॉलमधली एक ओळ वर-खाली झाली की काय उघडे पडते, हे पडद्यावरच्या नकली जाळ्यात समजत नाही, कारण तिथे चूक कोणी वापरून घेत नाही. खासगी पत्त्यांवर माणूस ग्राहक म्हणून तयार होतो, आणि सेवा देणारी बाजू समजायला त्याला बाहेरून गाठता यावे लागते.

दुसरा प्रश्न नेमका उलट्या दिशेने येतो. पत्ता हवाच असेल तर प्रत्येकाला स्वतःच्या नावाचा, कायमचा, सेवादार बदलला तरी न बदलणारा पत्ता-संच का देऊ नये? युरोपच्या नोंदणी संस्थेकडून एखाद्या सभासद कंपनीमार्फत व्यक्तीलाही असा स्वतंत्र संच घेता येतो, आणि तिकडचे हौशी तो घेतातही. याचे उत्तर पत्त्यांच्या रचनेत आहे, आणि ते समजायला आपल्याकडचा पिनकोड पुरतो. श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखलेली ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. शिरूरचा पिन ४१२२१० आणि दौंडचा ४१३८०१. दोन्ही गावे पुणे जिल्ह्यातली, तरी पहिले तीन अंक वेगळे. दौंड तालुक्यातल्याच यवतचा पिन ४१२२१४ आहे, आणि दौंड शहराचे पहिले तीन अंक जुळतात ते सोलापूर आणि लातूरशी. कारण ते तीन अंक टपालाच्या वर्गीकरणाचा जिल्हा सांगतात. महसुली हद्दीशी त्यांना देणेघेणे नाही. दूरच्या टपाल कार्यालयाला ४१३ एवढे वाचले की थैली कोणत्या वाटेला लावायची ते कळते, पुढचे अंक वाचायचे काम जवळच्याने करायचे. इंटरनेटचे पत्तेही याच तत्त्वावर चालतात. सेवादाराच्या मोठ्या गटाची एक नोंद जगभरच्या राउटरांत असते, त्याच्या आतल्या हजारो घरांची नसते. प्रत्येक घराने स्वतंत्र संच घेतला तर प्रत्येक घरासाठी जगातल्या प्रत्येक मोठ्या राउटरला एकेक ओळ जपावी लागेल. ही भीती कागदावरची नाही. १२ ऑगस्ट २०१४ रोजी जागतिक तक्त्यातल्या नोंदी ५,१२,००० च्या पुढे गेल्या, तेव्हा तेवढ्याच नोंदी मावणाऱ्या जुन्या राउटरांनी मान टाकली आणि जगभर ठिकठिकाणी सेवा कोलमडल्या. आता आयपीव्ही-४ च्या नोंदी दहा लाखांच्या घरात आहेत. म्हणून घरच्या प्रयोगाला स्वतंत्र संच हा योग्य आग्रह नाही. सेवादाराच्या गटातूनच, पण पुरेसा आणि न बदलणारा संच मिळावा, हा आग्रह रास्त आहे आणि त्याचा भार कोणावर पडत नाही.

असा संच देणे शक्य आहे ते आयपीव्ही-६ मुळे. त्याचा आराखडा १९९८ च्या डिसेंबरमध्ये आला आणि २०१७ च्या जुलैमध्ये तो पूर्ण मानक झाला. पत्ता १२८ बिटांचा. त्यातले पहिले ६४ बिट नेटवर्कचे आणि उरलेले ६४ यंत्राचे, अशी सर्वसाधारण विभागणी असते. घरातल्या एका भागाला जो एक ‘स्लॅश ६४’, म्हणजे पहिले ६४ बिट ठरलेला गट, लागतो, त्या एकट्यात जुन्या पद्धतीचे अख्खे इंटरनेट ४२९ कोटी वेळा मावते. म्हणून इथे यंत्रांची संख्या मोजण्याला अर्थ उरत नाही. घराला असे भाग किती मिळतात ते पाहायचे असते. ‘स्लॅश ५६’ मिळाला तर २५६ भाग, ‘स्लॅश ४८’ मिळाला तर ६५,५३६. पाहुण्यांचे वायफाय एका भागात, कॅमेरे दुसऱ्यात, प्रयोगाचे सर्व्हर तिसऱ्यात, असे वेगवेगळे ठेवायचे तर एकच ‘स्लॅश ६४’ पुरत नाही. हे फक्त हौशी माणसाचे म्हणणे नाही. २०११ च्या आरएफसी ६१७७ ने घरालाही एकाहून अधिक भाग मिळावेत असे स्पष्ट म्हटले, आणि २०१७ मध्ये युरोपातल्या नेटवर्क चालकांनी मिळून काढलेल्या शिफारशीने घरगुती ग्राहकाला शक्यतो न बदलणारा संच द्यावा असा सल्ला दिला. घरातल्या घरात चालणाऱ्या गोष्टींसाठी ‘एफडी’ने सुरू होणारा खासगी पट्टाही २००५ पासून उपलब्ध आहे. त्यात ४० बिट यादृच्छिक निवडायचे असतात, म्हणजे एक लाख कोटींहून अधिक शक्यता. शिरूर आणि दौंडच्या दोन घरांचे पत्ते एकमेकांवर आदळण्याचा मघाचा घोळ तिथे व्यवहारात संपतोच.

भारत या बाबतीत मागे नाही, हे अनेकांना खरे वाटत नाही. दूरसंचार विभागाने आयपीव्ही-६ चा पहिला राष्ट्रीय आराखडा २०१० च्या जुलैमध्ये आणि दुसरा २०१३ च्या मार्चमध्ये प्रसिद्ध केला. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची फोरजी सेवा सुरू झाली ती आयपीव्ही-६ धरूनच, आणि त्यानंतर गूगल व एपनिक या दोघांच्याही मोजमापांत भारताचा वाटा निम्म्याच्या बराच वर गेला. ३१ डिसेंबर २०२२ नंतरचे प्रत्येक नवे घरगुती वायरलाइन कनेक्शन आयपीव्ही-६ वाहू शकेल असे असावे, असा आदेशही विभागाने काढला आहे. म्हणजे बाजारात उभ्या असलेल्या बहुतेक माणसांच्या खिशात आयपीव्ही-६ आहेच. पण खिशातला तो पत्ता प्रयोगाला फारसा कामाचा नाही. मोबाइलवर एकच ‘स्लॅश ६४’ मिळतो, तो जोडणी तुटली की बदलतो, आणि बाहेरून येणारी हाक अनेकदा कंपनीच अडवते. घरच्या फायबरवरही असेच अर्धवट दान पदरात पडते: आयपीव्ही-६ चालू आहे, पण राउटर बंद-चालू केला की संच नवा. पत्ता मिळाला आणि तो सतत बदलत राहिला, तर त्यावर सर्व्हर कसा चालवायचा? म्हणून खरा झगडा आता संख्येचा राहिलेला नाही, टिकाऊपणाचा आहे.

तिसरा आक्षेप सुरक्षेचा आहे आणि तो सर्वांत गंभीरपणे घेतला पाहिजे. सीजीनॅटमागचे घर निदान झाकलेले असते. घरातल्या प्रत्येक यंत्राला जगाला दिसणारा पत्ता देणे म्हणजे दारे सताड उघडणे नव्हे काय? पत्ता असणे आणि दार उघडे असणे या दोन वेगळ्या बाबी आहेत. दार उघडते वा बंद होते ते फायरवॉलमुळे, आणि आतून सुरू न झालेली जोडणी राउटरने अडवावी ही घरगुती आयपीव्ही-६ राउटरांसाठीची शिफारस २०११ पासूनच आहे. झाकले जाण्याने मिळणारा आधार किती तोकडा आहे हे २०१६ च्या मिराई या घातक सॉफ्टवेअरच्या प्रकरणाने दाखवून दिले. कारखान्यातला पासवर्ड न बदललेले कॅमेरे आणि डीव्हीआर त्यात लाखांच्या संख्येने वेठीला धरले गेले. कॅमेरा राउटरकडून स्वतःच पोर्ट उघडून घेत असेल, तर अदलाबदलीचा पडदा काय कामाचा? उलट आयपीव्ही-६ मध्ये आंधळेपणाने शोध घेणे फार कठीण होते. मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये झेडमॅप नावाच्या साधनाने आयपीव्ही-४ चा सगळा पसारा पाऊण तासात चाळून दाखवला. त्याच वेगाने एक ‘स्लॅश ६४’ चाळायला साडेतीन लाखांहून अधिक वर्षे लागतील. यावर विसंबून मात्र राहू नये, कारण डीएनएसमधून आणि इतरत्रच्या नोंदींतून पत्ते कळतातच. निष्कर्ष एवढाच की सुरक्षा ही शिकून करायची गोष्ट आहे, आणि ती शिकायची सोय सीजीनॅटमध्ये नाही. शिरूर तालुक्यात बिबट्याच्या भीतीने गोठ्यावर कॅमेरे लागतात. त्यांतले चित्र परक्या कंपनीच्या सर्व्हरवर जाऊन मग मालकाच्या फोनवर येते. फायरवॉल नीट लावलेल्या स्वतःच्या पत्त्यावर तो कॅमेरा पाहणे त्याहून धोक्याचे आहे, असे म्हणता येणार नाही.

चौथा आक्षेप सोयीचा. महिना काही शे रुपयांत भाड्याचा सर्व्हर मिळतो, टेलस्केलसारखी साधने दोन घरे चुटकीसरशी जोडून देतात, हरिकेन इलेक्ट्रिक ही कंपनी तर बोगद्यातून आयपीव्ही-६ चा ‘स्लॅश ४८’ फुकट देते. ही साधने चांगली आहेत आणि पुढच्या प्रकरणांत ती वापरलीही आहेत. पण हरिकेनचा बोगदा टाकायलाच बाहेरून गाठता येणारा आयपीव्ही-४ पत्ता लागतो, म्हणजे सीजीनॅटवाल्या घराला तो मिळतच नाही. शिवाय फुकटच्या सोयी देणाऱ्याच्या मर्जीवर चालतात. सिक्सएक्सएस ही अशीच लोकप्रिय सेवा ६ जून २०१७ रोजी बंद झाली. थोडा वेगळा आणि अधिक सन्मानाचा मार्ग हॅम रेडिओचा आहे. ४४ ने सुरू होणारा पत्त्यांचा मोठा गट १९८१ पासून जगभरच्या रेडिओ हौशींसाठी राखलेला होता. २०१९ मध्ये त्याचा एक चतुर्थांश भाग ॲमेझॉनला विकला गेला, पण उरलेला आजही परवानाधारक हौशींना बिगर-व्यापारी प्रयोगांसाठी मागता येतो. आपल्याकडे बारा वर्षे पूर्ण झालेल्या कोणालाही केंद्र सरकारची परीक्षा देऊन हा परवाना घेता येतो. प्रयोग करणाऱ्यांसाठी पत्ते राखून ठेवावेत ही कल्पना नवी नाही, याचा हा चाळीस वर्षांचा पुरावा आहे.

शेवटचा आक्षेप सेवादाराच्या बाजूचा, आणि तोही ऐकला पाहिजे. तालुक्यातला ऑपरेटर लहान असतो. त्याच्याकडे मूठभर पत्ते, वरच्या कंपनीचे बिल, आणि ग्राहकाला हवा फक्त स्पीड. प्रयोग करणाऱ्या दहा घरांसाठी त्याने डोकेफोड का करावी? कारण फायदा त्याचाही आहे. सीजीनॅटचे यंत्र महाग असते, आणि एका पत्त्यामागे शेकडो घरे असल्याने पोलिसांची विचारणा आली की कोणत्या क्षणी कोणते पोर्ट कोणत्या घराकडे होते याच्या नोंदी धुंडाळाव्या लागतात. २०१७ मध्ये युरोपच्या युरोपोल या पोलीस संस्थेने याच कारणासाठी सीजीनॅटचा वापर आवरावा अशी मागणी केली होती. घराला ठरलेला आयपीव्ही-६ संच दिला, तर जेवढी रहदारी त्यावरून जाते तेवढे ओझे सीजीनॅटवरून उतरते आणि नोंद एका ओळीची होते. ग्राहकानेही आपली मर्यादा ओळखावी. मिळालेला पत्ता घरच्या प्रयोगासाठी आहे. शेजारच्या आळीला तार ओढून पैसे घेऊन नेट देणे हा परवान्याचा विषय आहे.

हा सगळा खटाटोप पुण्या-मुंबईत शोभतो, तालुक्याला काय करायचा, असे कोणी म्हणेल. रांजणगाव आणि कुरकुंभ या औद्योगिक वसाहती याच दोन तालुक्यांत आहेत. तिथल्या कारखान्यांना लीज लाइनवर स्थिर सार्वजनिक पत्ते मिळतात, आणि ती जाळी सांभाळायला माणसे लागतात. ते काम शिकण्याची सोय कारखान्याच्या फाटकाबाहेर नसेल, तर माणसे बाहेरून येतील आणि गावातली मुले डबे बसवत फिरतील. पत्ता हा प्रतिष्ठेचा विषय नाही. तो या कामाचा कच्चा माल आहे.

म्हणून वाचकाला एक विनंती. पुढचे प्रकरण उघडण्याआधी राउटरचे पान उघडून आपला पत्ता कोणता ते पाहा. मग आपल्या ऑपरेटरला तीन गोष्टी विचारा: आयपीव्ही-६ चालू आहे का, घराला ‘स्लॅश ५६’ मिळेल का, आणि राउटर बंद करून सुरू केल्यावर तोच संच राहील का. उत्तर नकाराचे आले तर ते लेखी मागा, आणि तुमच्यासारखेच विचारणारे आणखी चार ग्राहक शोधा. ऑपरेटर स्पीड वाढवतो ते गिऱ्हाईक मागते म्हणून. पत्तेही तो मागितल्याशिवाय देणार नाही.